रंगाची इंग्रजी कादंबरी वाचायला

सिंगापूरहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंस? पक्ष्यांचं उद्यान पाहिलं का, तोंडातून पाणी सोडणारा सिंह पाहिला का? मी नुसती मान डोलावते. खरं सांगायचं तर एकोणीस दिवसांत मी क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या इमारतीचा सातवा मजला पाहिला, तिच्या खालचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा मांडव, पाहिला आणि माझ्या धाकट्या भावाची तीनशे बारा पानांची इंग्रजी कादंबरी पाहिली. सहलीची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे त्यानं कुणाचं मन रमणार नाही. पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भाऊ म्हणजे श्रीरंग, आमचा रंगा. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिथल्या एका बँकेत हिशेबनीस, चौदा वर्षांपूर्वी गेला आणि आता तिथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, झाला आहे. मी पुण्यात एका मासिकाच्या संपादन विभागात जन्म काढला. मासिक बंद पडलं आणि मी घरी बसले. सार्सची साथ ओसरून तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एका रविवारी त्याचा फोन आला.

“ताई, कादंबरी संपत आलीय. एकच प्रकरण राहिलंय. प्रकाशक मिळवून देणाऱ्या लंडनच्या एका एजंटनं सुरुवातीची प्रकरणं वाचून उरलेली मागवून घेतलीत. त्याचं उत्तर यायच्या आत तू वाचावीस असं वाटतं.”

“मी? अरे, माझं इंग्रजी ते केवढं!”

“इंग्रजीसाठी नाही बोलावत. तू दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात आयुष्य घालवलंस. माझं एकच वाच.”

आठ दिवसांत तिकीट आलं. मी भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट बांधून घेतलं. चांगी विमानतळावर एका गोऱ्यापान तरुण अधिकाऱ्यानं भाजणीची पिशवी उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला आणि हसून बांधून परत दिली. त्या देशाशी माझी ओळख अशी चांगली झाली.

क्वीन्सटाउन, पहिले दिवस

रंगाच्या इमारतीची लिफ्ट पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबते. सातव्याला जायचं तर पाचव्याला उतरून दोन जिने चढायचे किंवा नवव्याला उतरून दोन जिने उतरायचे. रंगाची बायको मेधा सामान असलं की नवव्याला जाते, नसलं की पाचव्याला. तिच्यासारख्या हिशेबी बाईला हा फ्लॅट चौदा वर्षं पुरला आहे. त्यांच्याबरोबर आलेली बाकीची मराठी मंडळी केव्हाच काँडोत, म्हणजे महागड्या खाजगी इमारतींत गेली. तिथे पोहण्याचा तलाव असतो म्हणे.

घर मात्र मला आवडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीत कचऱ्यासाठी एक लोखंडी झडप आहे. ती उघडायची, पिशवी आत सोडायची, की ती सात मजले धडधडत खाली जाते आणि आपला तिच्याशी संबंध संपतो. आमच्या सोसायटीत ओल्या-सुक्या कचऱ्यावरून अबोले धरलेली माणसं आहेत, त्यांना हे दाखवायला हवं होतं. कपडे वाळत घालायची तऱ्हाही निराळी. लांब बांबूवर कपडे ओवायचे आणि तो बांबू खिडकीबाहेरच्या भोकात खोचायचा. तिसऱ्याच दिवशी मी शहाणपणा करून माझी सुती साडी त्यावर घातली, चिमटा लावायला विसरले आणि साडी चार मजले खाली गेली.

तासाभरानं बेल वाजली. दारात एक चिनी म्हातारी, माझ्याच वयाची किंवा थोडी मोठी. हातात माझी साडी, इतकी व्यवस्थित चौकोनी घडी केलेली की इस्त्रीवाल्यानं लाजावं. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला चिनी. आम्ही एकमेकींकडे बघून पोट धरून हसलो. मी तिला भाजणीच्या चकल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ती दोन संत्री घेऊन आली. जाताना तिनं रंगाच्या बंद खोलीकडे बोट दाखवून हवेत लिहिल्यासारखं केलं आणि मान हलवली. सगळ्या इमारतीला माहीत होतं.

रंगा पहाटे पाचला उठतो. तिथे सूर्य सातला उगवतो, म्हणजे ती रात्रच. पाच ते साडेसात लिहायचं, मग आंघोळ करून एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, ऑफिस. अकरा वर्षं हा नेम एकदाही मोडलेला नाही, तापातसुद्धा नाही. त्या अडीच तासांत घरात कुणी मराठी बोलायचं नाही असा दंडक होता. पहिल्या सकाळी मी सवयीनं “चहा ठेवू का रे?” म्हणाले तर मेधानं ओठांवर बोट ठेवलं. मला गंमत वाटली. आमच्या घरात एके काळी सोवळ्यात असलेल्या माणसाला शिवायचं नसे, तसं ह्याच्या कानाला मराठी शिवायचं नव्हतं.

बागेतला बाक

चौथ्या दिवशी त्यानं कादंबरी माझ्या हातात दिली. स्वच्छ छापलेली, बाजूला स्प्रिंग लावलेली. इमारतीखाली एक छोटी बाग आहे, तिथल्या बाकावर बसून मी वाचायला लागले. तीन दिवस वाचत होते.

कादंबरी आमचीच होती. कराड, कृष्णेचा काठ, शाळेत ड्रॉइंग मास्तर असलेले आमचे अण्णा, लवकर गेलेली आई, पुण्याला नोकरीला गेलेली थोरली बहीण म्हणजे मी आणि अण्णांपाशी राहिलेला धाकटा मुलगा. नावं बदललेली होती, पण घर आमचं होतं. भाषा निर्दोष. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. आणि सबंध पुस्तकात एक माणूस जिवंत नव्हता.

माणसं खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती. नदीवर धुकं होतं. कुणी काही विचारलं की दुसरा उत्तर न देता कप खाली ठेवत होता. आमच्या घरात कुणी खिडकीशी उभं राहून बाहेर बघत बसल्याचं मला आठवत नाही. कुणाला वेळच नव्हता. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प राहिलेलं अण्णांना खपत नसे, ते टपली मारायचे. मी पान उलटत गेले आणि प्रत्येक पानाबरोबर माझं मन खचत गेलं. अकरा वर्षं, असं मी मनात म्हणत होते. अकरा वर्षांच्या पहाटा.

माझी भाची सई पंधरा वर्षांची आहे. शाळेतून येताना ती बाकावर माझ्याशेजारी बसली.

“आत्या, फिनिश केलं का?”

“थोडं राहिलंय. तू वाचलंस?”

“हाफ. बाबाच्या बुकमध्ये ना, नोबडी एव्हर ईट्स एनीथिंग, लाह. घरी बाबा इतका खातो!”

वाक्याच्या शेवटी तिकडच्यासारखं ‘लाह’ लावलेलं ऐकून मी हसले, पण पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं.

हे असं कसं झालं ते मला रंगानंच सांगितलं, अभिमानानं सांगितलं. सुरुवातीला तो इंग्रजीत कथा लिहून परदेशी पाठवायचा आणि त्या परत यायच्या. मग तो तिथल्या एका संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागला. शिकवायला आलेल्या गोऱ्या लेखकानं त्याची कथा वाचून सांगितलं की तुमची माणसं फार बोलतात, फार रडतात, फार जेवतात. वाचकाला मोकळी जागा द्या. रंगानं ते उपदेश म्हणून नाही, नियम म्हणून घेतलं. हिशेबनीसच तो. त्यानं पाश्चात्त्य कादंबऱ्या आणल्या आणि एका मोठ्या कागदावर त्यांचा तक्ताच मांडला. कुठलं प्रकरण कुठे संपतं, माणसं किती वाक्यं बोलतात, मृत्यूनंतर कितव्या पानावर कुणी रडतं. तो तक्ता त्याच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. मी पाहिला. सुंदर अक्षरात, लाल आणि निळ्या शाईत.

“बघ ताई,” तो म्हणाला, “जवळजवळ एकही प्रकरण असं संपत नाही की जिथे माणूस मनातलं बोललाय.”

“मग वाचणाऱ्याला कळतं कसं?”

“तीच तर कला आहे.”

ती कला ज्यांची आहे त्यांना ती साधत असेल. त्यांच्या घरांतली शांतता त्यांच्या ओळखीची असेल. माझ्या भावानं ती उसनी आणून आमच्या घरात पसरली होती. पण त्याच्या डोळ्यांत मी शाळकरी रंगा पाहिला आणि मला खरं सांगवेना. “भाषा फार स्वच्छ आहे रे,” एवढंच म्हणाले. तो खूश झाला. संपादकीय टेबलावर मी शेकडो वेळा वापरलेलं वाक्य आहे ते. ज्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं त्याच्याबद्दल आम्ही ते बोलतो.

लिटिल इंडिया

रविवारी मेधा मला लिटिल इंडियात घेऊन गेली. सेरंगून रोडवर उतरलं की पहिल्यांदा नाकाला कळतं, मोगरा आणि कढीपत्ता. दिवसरात्र उघडं असणारं एक अवाढव्य दुकान आहे, तिथे सोन्यापासून साबणापर्यंत सगळं मिळतं आणि गर्दी अशी की माणूस आपोआप पुढे सरकतो. आम्ही ज्वारीचं पीठ शोधलं, मिळालं नाही. मग एका मिठाईच्या दुकानात बसलो. मेधानं माझ्यासाठी जिलबी मागवली आणि स्वतः पाणी पीत बसली.

“ताई, वाचून झाली?”

“झाली.”

“कशी आहे?”

मी जिलबी मोडत राहिले. मेधा हुशार आहे. तिला उत्तर मिळालं.

“मला पहिल्यापासून वाटत होतं,” ती म्हणाली. “पण मी बोलले तर बायको म्हणून बोलते असं व्हायचं. त्यानं दोनदा बढती नाकारली, माहितीये? हाँगकाँगला जायचं होतं, साहेब व्हायचं होतं. म्हणाला, सकाळ जाईल माझी. सईच्या एकाही शाळेच्या कार्यक्रमाला तो सकाळी आला नाही. मी तक्रार नाही करत. पण आता लंडनहून नाही आलं तर त्याचं काय होईल मला कळत नाही. तुम्ही त्याला नीट सांगा. तुमचं तो ऐकतो.”

“माझं कधी ऐकलंय त्यानं?”

“एकदा ऐकलं ना. तुम्ही त्याची मराठी कथा परत पाठवलीत, त्यानंतर त्यानं मराठीत काही छापायला पाठवलं नाही. म्हणतो, ताईइतकी पारख कुणाला नाही. ती नाही म्हणाली, म्हणजे ते माझं नव्हतंच.”

माझ्या हातातली जिलबी तशीच राहिली.

ती गोष्ट सांगायला हवी. तेवीस वर्षांपूर्वीची आहे. दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा मुख्य संपादकांनी माझ्यावर सोपवला होता. त्यात रंगाची कथा होती. मला न सांगता, टपालानं, कराडच्या पत्त्यावरून पाठवलेली. एसटी स्टँडवर गाड्यांची नावं पुकारणाऱ्या एका माणसाची कथा. मी ती उभ्या उभ्या वाचली आणि शेवटी खुर्चीवर बसले. त्या गठ्ठ्यात तिच्याजवळ जाणारी एक कथा नव्हती.

आणि मी ती साभार परत केली. ऑफिसात मी नवी होते, बाई होते, दोन सहकारी माझ्या चुकीची वाटच बघत होते. भावाची कथा छापली असं कुणी म्हणायला नको. आमच्या घरातलं वळणच ते. अण्णांनी रंगाला स्वतःच्या शाळेत चित्रकलेचं बक्षीस कधी मिळू दिलं नाही, मास्तरांचा मुलगा म्हणून. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! मी छापील चिठ्ठी लावली, खाली सही केली. पुढच्या सुट्टीत भेटल्यावर सांगू असं ठरवलं. भेटल्यावर तो त्या विषयावर बोलला नाही, म्हणून मीही बोलले नाही. नंतर मला वाटलं तो विसरला असेल. मी मात्र त्या सचोटीबद्दल स्वतःवर खूश होते, हेही लिहून टाकते.

सेरंगून रोडवरून परत येताना बसमध्ये मेधा काहीबाही दाखवत होती. देऊळ, फुलांच्या माळा, शाळा. मला काही दिसलं नाही.

शेवटचं प्रकरण

बुधवारी सकाळी साडेसातला, मराठीवरची बंदी उठल्यावर, रंगा एक दोनशे पानी वही घेऊन स्वयंपाकघरात आला.

“ताई, एक तपशील बघ. अण्णा गेले त्या दिवशी तू सकाळच्या एसटीनं आलीस की दुपारच्या? हे शेवटचं प्रकरण आहे. अजून इंग्रजी व्हायचंय.”

तो ऑफिसला गेला. मी वही उघडली. मराठीत होती. घाईचं, गचाळ अक्षर, खोडाखोड, समासात बाण काढलेले. मी माझी एसटी शोधायला लागले आणि पहिल्या पानावरच अडकले.

अण्णांची नजर शेवटच्या दोन वर्षांत अधू झाली होती, एवढं मला माहीत होतं. त्यांना जवळजवळ दिसतच नव्हतं, हे माहीत नव्हतं. रंगानं लिहिलं होतं की अण्णा कपात चहा ओतताना कान लावायचे. कप भरत आला की आवाज बारीक होतो, मग थांबायचे. रंगांच्या ट्यूबांना त्यांनी ब्लेडनं खाचा पाडल्या होत्या, तांबड्याला एक, निळ्याला दोन, म्हणजे वर्गात मुलांना कळायला नको. आणि मी सुट्टीला यायची तेव्हा रंगा स्टँडवर मला घ्यायला यायचा, माझी पिशवी घ्यायचा आणि गल्लीच्या तोंडापासून पुढे पळायचा. का, तर माझ्याआधी घरात शिरून अण्णांच्या कानात सांगायला, आज तिनं हिरवी साडी नेसलीय. मग मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की अण्णा म्हणायचे, हिरवा तुला शोभतो गं. तिला कळलं तर ती नोकरी सोडून इथे येऊन बसेल, असं अण्णांनी त्याला सांगितलं होतं.

दर खेपेला ते माझ्या साडीचा रंग सांगायचे. पुण्यात मैत्रिणींना मी कौतुकानं सांगत असे, आमचे अण्णा ड्रॉइंग मास्तर, त्यांचं रंगांकडे बरोबर लक्ष असतं.

मी त्या स्वयंपाकघरात बसून मोठमोठ्यानं रडले. खालच्या म्हातारीला ऐकू गेलं असेल. बावीस-तेवीस वर्षं मी हस्तलिखितं वाचली. मराठीत असं लिहिणारं माणूस मला दोनदा भेटलं. दोन्ही वेळा तो रंगाच होता.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी दारातच उभी होते.

“आधीच्या वह्या दे.”

“कुठल्या?”

“तीस प्रकरणांच्या. सगळं आधी मराठीत लिहितोस ना? त्या वह्या मला वाचायच्यात.”

“त्या नाहीत.”

“म्हणजे?”

तो स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीतली झडप उघडून दाखवली.

“इंग्रजी झालं की मी टाकतो. हीच पद्धत आहे माझी. मराठी आधी रात्री बाहेर पडल्याशिवाय पहाटे इंग्रजी आत येत नाही. पण वही जवळ ठेवली तर पुन्हा पुन्हा तिकडेच जातो मी, इंग्रजीत मराठीची वाक्यं यायला लागतात. म्हणून प्रकरण संपलं की वही खाली.” तो मला समजावत होता, सई लहान असताना तिला गणित समजावत असेल तसा. “तो कच्चा माल असतो गं ताई. मातीचा साचा. मूर्ती काढली की साचा ठेवून काय करायचंय?”

“तीसच्या तीस?”

“अकरा वर्षांत तीस. कधी कधी एका प्रकरणाच्या दोन-दोन.”

“आठवतं तुला त्यातलं? पुन्हा लिहिता येईल?”

“आठवू नये म्हणून तर टाकत होतो.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मारायची तर आधी कुणाला, हे मला माहीत होतं. अण्णांबद्दल, आईबद्दल, माझ्याबद्दल आणखी काय काय त्या तीस वह्यांत होतं हे आता जगात कुणालाच कळणार नाही. त्या झडपेसमोर उभं राहून मी एवढंच विचारलं, “ही वही तरी देशील का?” तो म्हणाला, “इंग्रजी झालं की बघू.”

जुरोंग ईस्ट

लंडनची ईमेल शुक्रवारी रात्री आली असावी. शनिवारी आम्ही सगळे जुरोंग ईस्टला जाणार होतो, सईला बूट घ्यायचे होते. नाश्त्याच्या वेळी रंगानं छापलेला कागद आमच्यापुढे ठेवला आणि पोळीला जॅम लावत बसला. एजंटनं सभ्यपणे लिहिलं होतं. लेखन विलक्षण संयत आहे. शिस्त वाखाणण्यासारखी आहे. पण या कुटुंबाबद्दल लिहिणाऱ्याला त्यांच्याविषयी काही वाटतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मेधा म्हणाली, “आपण आज राहू दे जायचं.” रंगा म्हणाला, “का? बूट लागणारच आहेत.”

म्हणून गेलो. एमआरटी तिकडे जमिनीवरून धावते, दोन्ही बाजूंना हिरवंगार आणि मधूनमधून सारख्या इमारती. मॉलमध्ये थंडी वाजत होती. सईनं सहा जोड पायांत घालून पाहिले आणि रंगानं प्रत्येक वेळी वाकून अंगठा कुठे येतो ते दाबून बघितलं. नंतर त्यानं सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. तो इतका नीट वागत होता की मला धास्ती वाटायला लागली. त्याच्या कादंबरीतली माणसं अशीच वागतात.

घरी परतल्यावर मेधा आणि सई वर गेल्या. मी रंगाला म्हटलं, “चल, खाली कोपी पिऊ.” कॉफीला तिकडे कोपी म्हणतात.

हॉकर सेंटरवर दुपारची गर्दी ओसरली होती. एक म्हातारा ट्रे गोळा करत होता. रंगानं स्वतःसाठी काळी आणि माझ्यासाठी घट्ट दुधाची कोपी आणली, ती इतकी गोड असते की पहिल्या घोटाला दात शिवशिवतात. आम्ही गोल टेबलाशी बसलो.

मला वाटलं होतं मी शब्द जुळवून बोलेन. तसं झालं नाही. “रंगा, तुझी ती एसटी स्टँडची कथा,” मी म्हटलं. “ती मी वाईट होती म्हणून परत केली नव्हती.”

त्यानं कप खाली ठेवला.

“तू माझा भाऊ म्हणून केली. लोक काय म्हणतील म्हणून. मी भ्याले. चांगली होती ती.”

“किती चांगली?” त्यानं विचारलं.

खोटं बोलायची ती वेळ होती. बरी होती म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, तेवीस वर्षं उशिरा का होईना, ह्याचं ह्याला द्यावं. ह्याच्यापुढे अजून आयुष्य आहे. हा मराठीत लिहील.

“त्या वर्षी आलेल्यांत सगळ्यांत,” मी म्हणाले. “नंतरच्या वर्षांतही तशी कथा माझ्याकडे आली नाही. आणि परवा वाचलेली वही तिच्याहून चांगली आहे. तू ते इंग्रजी सोड. मराठीत लिही. पहिल्यापासून लिही.”

 ट्रे गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यानं आमच्या टेबलावर फडका फिरवला, कप उचलून पुन्हा ठेवले आणि गेला.

“ताई, हे तू सांगायला नको होतंस,” रंगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “आजपर्यंत मला येत नव्हतं, एवढंच होतं. येत नाही म्हणून माणूस शिकत राहतो. सकाळी त्याचं पत्र वाचलं तेव्हाही मी मनात म्हटलं, ठीक आहे, अजून शिकू, पुढच्या वेळी बघू. आता तू म्हणतेस मला येत होतं. मग मी ते टाकलं. रोज पहाटे उठून, स्वतःच्या हातानं.”

“अरे, पण पुढे...”

“पुढे काय? पंचेचाळीस वर्षांचा आहे मी. ते एकदाच येतं गं. अण्णांचं ते पुन्हा लिहायला बसलो तर आता मला तक्त्यातलंच सुचेल.”

मी त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला. मी म्हणाले, “माझं चुकलं रे, फार चुकलं.” तो म्हणाला, “असू दे. तू तरी काय करणार होतीस? अण्णांचीच मुलगी.” त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“आणि ती वही?” मी विचारलं.

“घेऊन जा ना,” तो म्हणाला. रद्दीचा पेपर द्यावा तसं म्हणाला आणि कोपी संपवून उठला.

क्वीन्सटाउन, रविवार

दुसऱ्या दिवशी मला पाचच्या आधीच जाग आली. अंथरुणात पडून मी कानोसा घेत होते. पाच वाजले, सव्वापाच झाले. त्याच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. सहाला मी उठून बाहेर आले. टेबलावरचा दिवा बंद होता, खुर्ची आत सरकवलेली होती. सातला उजाडलं. खिडकीतून समोरच्या इमारतीतले बांबू दिसायला लागले, शाळेची बस येऊन गेल्यासारखा हॉर्न कुठेतरी वाजला आणि मग आठवलं की आज रविवार. पण रविवारीही तो कधी झोपून राहत नसे. मीच पाहिलं होतं.

सव्वासातला मेधा खोलीतून बाहेर आली, पाऊल न वाजवता, दार हलकेच लोटून घेत. मला बघून तिनं दोन्ही हातांनी माझे हात धरले.

“झोपलाय,” ती कुजबुजली. मराठीत, त्या वेळेला. “ताई, गाढ झोपलाय हो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. काय बोललात तुम्ही त्याला काल? देवासारख्या आलात.”

तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. मी तिला काही सांगितलं नाही.